मिरायेसला शिव्या देण्याआधी

आज सकाळी एका ग्रुपवर ‘जगातल्या कुरूप इमारती’ अशी यादी फिरत आली. त्यात एडिंबराचं स्कॉटिश पार्लमेंट. खाली एकानं लिहिलंय, लोकांचा पैसा उधळणाऱ्या असल्या आर्किटेक्टला आधी आत टाका. त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग. डोकंच फिरलं माझं.

अरे, आत टाकताय कुणाला? ती इमारत रचणारा स्पॅनिश आर्किटेक्ट एन्रिक मिरायेस २००० सालीच गेला. ब्रेन ट्यूमर. वय अवघं ४५. पार्लमेंट उघडलं २००४ मध्ये. खर्च ४ कोटी पौंडांवरून ४१ कोटींच्या वर गेला, हो, गेला. पण त्याच इमारतीला २००५ चा स्टर्लिंग पुरस्कार, ब्रिटनमधला वास्तुकलेचा मोठा मान, तोही मिळाला, ते कोण सांगणार?

मला हा माणूस कळला तो बार्सिलोनाच्या सांता कातेरिना मंडईत, जुन्या मंडईला त्यानंच नवं रूप दिलं. आईला घेऊन गेले होते. खोली मंडईलगतच, चौथ्या मजल्यावर. सकाळी आईनं खिडकी उघडली आणि हाक मारली, “अगं, एवढी मोठी गोधडी कुणी वाळत घातलीय?” ते मंडईचं छप्पर होतं! उंचसखल, वळणं घेत गेलेलं, त्यावर सव्वातीन लाख षटकोनी फरशा, ६७ रंगांच्या. रंग सगळे भाजी-फळांचे. खाली मासळीच्या गाळ्यापाशी उभं राहिलं, तर यातलं काहीही दिसत नाही. वर नुसतं लाकूड दिसतं. मग एवढा खटाटोप कुणासाठी? आई खिडकीतूनच म्हणाली, “शेजाऱ्यांसाठी केलंय गं त्यानं.”

हे वाक्य मी विसरूच शकत नाही. जुन्या मंडईच्या १९व्या शतकातल्या भिंती त्यानं पाडल्या नाहीत, रंग दिले ते वरच्या घरांतल्या लोकांना. मंडई खुली झाली २००५ मध्ये. तो गेल्यावर त्याच्या आर्किटेक्ट बायकोनं, बेनेदेत्ता ताल्याब्वेनं, काम तडीला नेलं.

आणि बार्सिलोनाजवळच्या इग्वालादा गावची दफनभूमी. त्यानं आर्किटेक्ट कार्मे पिनोससोबत केलेली, डोंगरउतारात खोदून. वाटेच्या काँक्रीटमध्ये रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर बसवलेत. त्याला पुरलंय तेही तिथेच. हे लिहिताना राग कुठे गेला कळलं नाही.

तर मंडळी, बार्सिलोनाला गेलात की तिथल्या प्रसिद्ध आर्किटेक्ट गौदीच्या इमारतींसाठी रांगेत उभे राहालच, राहा. पण कॅथेड्रलपासून पाच मिनिटं चाललं की सांता कातेरिना येते. तिकीट नाही. आजूबाजूला एखादी वरची खिडकी मिळाली तर बघाच. फक्त रविवारी जाऊ नका, बाजार बंद असतो.