इंटरमिजिएट, सी ग्रेड

कोल्हापुरात कपिलतीर्थ मंडईत एका मेथीवालीनं मला "आज्जी" म्हटलं. तिचं स्वतःचं डोकं पांढरंशुभ्र, पुढचे दोन दात गेलेले, आणि मी तिची आज्जी. मेथी न घेता घरी आले आणि रविवारी दुपारी न्हाणीघराला कडी लावून डोकं रंगवायला बसले.

पाकिटातला काळा रंग मला सोसत नाही. त्यातल्या पीपीडी नावाच्या रसायनानं माझे कान वड्यासारखे फुगतात. "काळी मेंदी" म्हणून जे मिळतं त्यातही बऱ्याचदा तेच घातलेलं असतं. मेंदीच्या पाल्याला काळा रंग येत नाही. म्हणून सज्जन मार्ग धरला. आधी मेंदी, ती धुतली की निळीच्या पाल्याची पूड. मेंदीच्या केशरीवर नीळ चढली की तपकिरी-काळा होतो. पण दोन्ही पुडी हिरव्या, आणि डब्यांवर नावं घालायचा आळस माझा. पहिल्यांदा नीळ लागली. नुसती. पांढऱ्या केसांवर.

काळे होते ते काळेच राहिले. भांग आणि कानशिलं तेवढी हिरवी झाली, रंकाळ्यात केंदाळ माजावं तशी. ज्या निळीपायी १९१७ साली चंपारणात सत्याग्रह करावा लागला, तिच्या नादी रविवारी दुपारी लागू नये, हे मला कळायला हवं होतं.

दोनदा शाम्पू केला, एकदा खोबरेल थापलं. नवरा म्हणाला, "लांबून कळत नाही गं."

"किती लांबून?"

"सांगलीतून."

पूड विकणाऱ्याला फोन केला, तर ४८ तास थांबा म्हणाला, हवा लागली की रंग मुरतो. मुरला. सोमवारी हिरव्याचा मोरपंखी झाला. राजारामपुरीतल्या पार्लरवालीनं बोटानं एक बट उचलली आणि सोडून दिली. "नीळ हाय व्हय? ब्लीच केलं की आणि हिरवं हुतंय, मॅडम. आम्ही हात लावत न्हाई." हे सांगायचे पैसे घेतले नाहीत, तेवढीच माणुसकी.

खालच्या मजल्यावर आमचे ड्रॉइंगचे सर राहतात. आमचे म्हणजे खरोखरच माझे. शाळेत मला तेच होते. निवृत्त झाले, पण रोज संध्याकाळी एलिमेंटरी-इंटरमिजिएटची दहा-बारा पोरं घेऊन बसतात. मी डोक्याला टॉवेल गुंडाळून कचरा टाकायला उतरले होते. टॉवेल सुटला.

"थांब!" सर ओरडले. मला वाटलं, पाल पडली. "हलू नकोस. हा हिरवा कुठनं आणलास?"

सांगितलं. त्यांना दुःख झालं असावं असं मला उगाचच वाटलं. त्यांनी मला हाताला धरून आत नेलं आणि खिडकीपाशी स्टुलावर बसवलं. "उत्तरेचा उजेड हाय हितं. रंग बघायचा तर उत्तरेच्या उजेडात." मग पोरांकडं वळून, "चला रे, पेटी उघडा. काकूंच्या भांगाची छटा करून दाखवा."

मी उठायला लागले, तर एक चिमुरडी म्हणाली, "काकू, हलू नका की. मी मिक्स करतो." आमच्याकडं पोरीसुद्धा करतोच म्हणतात, एरवी मला ते फार गोड वाटतं.

"सर, सॅप ग्रीन."

"डोळं फुटलं का तुझं? सॅप ग्रीन पिवळट असतोय. ह्यात निळा किती हाय बघ!"

"व्हिरिडियन?"

"जवळ आलास. जरा प्रशियन ब्लू सोड." सर माझ्या डोक्यावर वाकले. "आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठी बसून चित्रं काढायचे. हा हिरवा गावायला त्यांना काठावर बसावं लागत हुतं. हिनं न्हाणीघरात काढला."

मागच्या बाकावरून कुणीतरी खुसखुसून हसलं. सर गंभीर होते. हेच मला जास्त लागलं. थट्टा परवडते. माझं डोकं हा दहा पोरांचा गृहपाठ होतो आणि त्यावर माणसं मनापासून विचार करतात, हे नाही परवडत. नवऱ्याचे केस चाळिशीत पिकले, तेव्हापासून त्याला बँकेत सगळे साहेब म्हणायला लागले. माझी एक बट पांढरी दिसली की बायका विचारतात, "बरं नव्हतं का गं?" बरंच होतं मला. मेथी घ्यायला गेले होते.

"रंगचक्र आठवतंय?" सरांनी विचारलं.

"थोडं."

"न्हाई आठवायचं. इंटरमिजिएटला सी पडली हुती तुला." चौतीस वर्षं झाली! स्वतःचा चष्मा कुठं ठेवला ते या माणसाला आठवत नाही. "तवाबी असंच. वाळायच्या आधी दुसरा हात मारायचीस. निळ्याच्या समोर कोण बसतं?"

"केशरी, सर!" सगळा वर्ग.

"मग ह्या डोक्यावर आता काय लावायचं?"

"मेंदी, सर!"

आणि संतापाची गोष्ट अशी, की बरोबर होतं. उलट्या क्रमानं का होईना, राहून गेलेली मेंदी आता लावायची. रात्रभर भिजवली, तीन तास डोक्यावर ठेवली, धुतली. हिरवं गेलं. भांग गडद तपकिरी झाला. सरांच्या भाषेत बर्न्ट सिएना. मंडईत नेण्यासारखा.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम बिनटॉवेलाची खाली उतरले. सर जिन्यात चष्मा शोधत होते. तो त्यांच्या कपाळावर होता. तो खाली ओढून त्यांनी मला उजेडाकडं वळवलं, डावं कानशील बघितलं, उजवं बघितलं, कानामागची बट उचलली.

"कडा सोडल्यास. हितं अजून हिरवं दिसतंय." जरा थांबले. "बी."

आणि मी, बँकेत अठ्ठावीस माणसांच्या रजा मंजूर करणारी बाई, जिन्यात उभी राहून विचारती झाले, "सर, ए नाही का होत?"