ट्रॅक असताना लेझरची रेष कशाला?

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, मशीन आत्ता घेत न्हाई. थांबतो. लेझरवालं घ्यायचं म्हणतोय." पहिली ट्रॅक सॉ, म्हणजे ॲल्युमिनियमच्या रुळावरून (ट्रॅकवरून) सरकत सरळ काप घेणारी गोल करवत, घ्यायची म्हणून हा पोरगा सहा महिने पैसे साठवतोय. कोल्हापुरात शाहूपुरीतलं दुकानही ठरलं होतं. एका फॉरवर्डनं सगळं अडवलं. तोच मेसेज नंतर आमच्या फर्निचरवाल्यांच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेला.

मेसेजमध्ये म्हटलंय ते असं: कापाच्या जागी लाल रेष पाडणारा लेझर नसलेली ट्रॅक सॉ म्हणजे पैसे पाण्यात. लेझर असला की मार्किंगची आणि ट्रॅक जुळवायची कटकट संपते. भुशातही रेष स्पष्ट दिसते. डिजिटल डिस्प्ले असेल तर खोली चुकत नाही. आणि शेवटी, नजर लाल रेषेवर असली की मशीन झटका मारत नाही, त्यामुळे ब्लेडच्या मागची पट्टी काढून टाकली तरी चालते.

हे शेवटचं वाक्य ज्यानं लिहिलं, त्यानं प्लायची एक शीट तरी कापली आहे का?

मशीन झटका का मारतं ते आधी बघा. १६० मिमीचं ब्लेड मिनिटाला ५००० फेरे घेत असेल, तर दातांचा वेग ताशी दीडशे किलोमीटर होतो. ब्लेडच्या मागच्या बाजूचे दात वरून खाली जात असतात. शीट मध्येच खचली, काप मिटला आणि या दातांना लाकूड घासलं, की ते मशीनलाच वर उचलतात आणि चालवणाऱ्याच्या अंगावर फेकतात. ब्लेडमागची ती पातळ पट्टी काप मिटू देत नाही. तिचं कामच ते आहे. काही कंपन्यांच्या मशीनला ती मुळातच नसते, तिथं शीटला खालून आधार देण्यात दुप्पट काळजी घ्यावी लागते. पण असलेली पट्टी काढा असं सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या पोरांच्या बोटांशी खेळणं आहे.

राजारामपुरीत एका बंगल्याच्या वॉर्डरोबचं काम होतं. १९ मिमीचा प्लाय दोन स्टुलांवर टाकलेला, मध्ये आधार काही नाही. चूक माझीच. काप निम्म्याच्या पुढं गेला आणि शीट पोटात खचली. पुढचं काही डोळ्यांना दिसलंच नाही. एक आवाज झाला आणि मशीन ट्रॅक सोडून माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर आलं. तो १४०० मिमीचा ट्रॅक अजून उद्यमनगरच्या शेडमध्ये भिंतीला टांगलाय. त्याच्या ॲल्युमिनियमवर चार बोटं लांब तिरकी खाच आहे. नवा पोरगा कामाला आला की आधी त्याचा हात त्या खाचेवरून फिरवतो. त्या दिवशी रेष पेन्सिलची होती आणि अगदी बरोबर होती. काप सुतानंही हलला नव्हता. लेझर असता तर तो पार शेवटपर्यंत बरोबर जागीच दिसला असता.

तेव्हापासून फरशीवर जाड थर्माकोल अंथरून त्यावर शीट पूर्ण टेकवतो आणि काप घेतो. शीटच्या मध्यातून ब्लेड उतरवायचं असेल, तर ट्रॅकवर मशीनच्या मागं स्टॉपर लावतो. झटक्यावर उपाय म्हणून नवीन फीचर हवंच असेल, तर ते खरोखर आहे. फेस्टूल या जर्मन कंपनीच्या टीएससी ५५ के या बॅटरीवरच्या मशीनमध्ये, मशीन ट्रॅकवरून उचललं गेलं की सेन्सरला कळतं आणि ब्लेड थांबवलं जातं. याला मी सुधारणा म्हणेन. मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

आता मार्किंगचं. ट्रॅकच्या काठाला रबराची पट्टी असते. नवी पट्टी थोडी बाहेर आलेली असते. आपल्या मशीननं, आपल्या ब्लेडनं त्यावरून पहिला काप घेतला की जादाचा भाग कापून जातो. त्यानंतर पट्टीची कड म्हणजेच कापाची कड. पेन्सिलच्या दोन खुणांवर ती कड टेकवायची, क्लॅम्प मारायचे, मशीन ढकलायचं. तीच पट्टी सनमायकाचे टवकेही उडू देत नाही. लेझरची रेष स्वतःच मिलिमीटरभर जाड, तिच्या कुठल्या कडेला कापायचं? उन्हात गच्चीवर ती दिसत नाही, चकचकीत पांढऱ्या लॅमिनेटवर ती पसरते, आणि धक्के खाऊन लेझर हलला की रोज ॲडजस्ट करत बसा.

आणि समजा, रेष चुकलेली दिसलीच. करणार काय? मशीन ट्रॅकवर बसलंय, डावी-उजवीकडं वळवता येत नाही. मिरजेच्या गाडीला इंजिनावर कितीही मोठा दिवा लावा, ती रुळानंच जाणार. ट्रॅक चुकीचा लागला असेल, तर तो ब्लेड सुरू करायच्या आधी उचलून नीट लावायचा असतो. शिवाय लेझरची रेष जुळवायला तरी त्या दोन खुणा लागतातच. गुण्या आणि टेप कुठंही जात नाही.

डिजिटल डिस्प्लेवर वेळ घालवत नाही. प्लायच्या जाडीपेक्षा चार-पाच मिमी जास्त खोली ठेवायची असते आणि ती मशीनवरच्या स्केलवर वाचता येते.

एक मात्र मान्य करतो, मनात नसलं तरी. कोनात तुकडे मारायच्या मायटर सॉवर उजेडाचा उपयोग होतो. तिथं ट्रॅक नसतो, तुकडा हातानं सरकवून ब्लेडखाली आणावा लागतो. पण तिथंही लेझरपेक्षा एलईडीची सावली बरी, कारण ती ब्लेडचीच सावली असते आणि ब्लेड बदललं तरी चुकत नाही. मेसेजवाल्यानं मायटर सॉवरची सोय उचलून ट्रॅक सॉला चिकटवली असावी, असं मला वाटतं.

आता भुसा. 'भुशातही रेष दिसते' हे वाचून सगळ्यात जास्त संताप आला. रेष दिसण्याइतका भुसा हवेत असेल, तर तो आपल्या छातीतही जातोय. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ साली लाकडाचा भुसा माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. नाकाच्या पोकळीचा आणि त्याच्या आजूबाजूच्या सायनसचा कर्करोग. तंबाखू ज्या गटात, त्याच गटात. एमडीएफ (लाकडाचा भुगा डिंकात दाबून केलेला बोर्ड) कापताना त्यात फॉर्माल्डिहाइडच्या डिंकाची भर पडते. ते फॉर्माल्डिहाइडही याच गटात आहे. आपल्याकडं पोरं तोंडाला रुमाल बांधून एमडीएफ कापतात आणि संध्याकाळी नाक शिंकरलं की तपकिरी निघतं. ट्रॅक सॉचा ब्लेड झाकलेला असतो, मागं पाइप लावायला तोंड असतं. तिथं चांगला व्हॅक्यूम जोडला की बहुतेक भुसा हवेत उडायच्या आधीच ओढला जातो. लेझरसाठी साठवणार असाल ते पैसे आधी तिथं घाला, आणि उरले तर ४८ दातांचं एक चांगलं जादा ब्लेड घ्या. बोथट ब्लेडनं प्लाय जळतो आणि मशीन ढकलायला जोर लागतो.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग व्हॅक्यूम कुठला घेऊ?" म्हटलं, रविवारी शेडवर ये. माझ्या जुन्या ट्रॅकची पट्टी झिजलीय, नवी चिकटवू. पहिला काप तू मार.