‘आमसुलं करायच्या’ या दोन शब्दांमागचं काम

एका शेतकरी आजींवरचा लेख वाचला. त्यात त्यांच्या शेतीबद्दल, नातवंडांबद्दल फार मायेनं लिहिलंय. उन्हाळ्याबद्दल मात्र ‘आमसुलं करायच्या’ एवढंच आलंय. त्या दोन शब्दांत आठवडाभराचं राबणं आहे, ते नोंदवावंसं वाटतं.

रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पूर्ण लाल पिकलेलीच घ्यायची. फोडून साली वेगळ्या, गर-बिया वेगळ्या. १० किलो फळांना साधारण १ किलो जाडं मीठ गर-बियांना लावायचं, की रस सुटतो. साली दिवसभर कडक उन्हात वाळवायच्या, रात्री त्या रसात भिजत घालायच्या, सकाळी निथळून पुन्हा खळ्यात. अशी पाच-सहा पुटं चढली की आमसूल काळपट, मऊ आणि चिवट होतं. घाईनं दोनच पुटं दिली तर साल पातळ, फिकी राहते. भांडं मातीचं किंवा चिनी मातीचं हवं, कारण आंबट रस पितळ-ॲल्युमिनियमला खातो.

खरी धास्ती वळवाची. बरीचशी फळं मे महिन्यात पिकतात आणि पाऊस दाराशी असतो. अर्धवट वाळलेल्या सालींवर दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून ढग दिसले की चटया उचलून माजघरात. हे सगळं भाताच्या पेरणीची तयारी चालू असतानाच, तेही बाईनंच.

बियाही फुकट नाहीत. वाळवून, फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळला की वर तेल येतं. ते थिजू लागलं की मुठीत दाबून गोळे करायचे, तेच मुठेल. चिखलात लावणी करून भेगाळलेल्या टाचांना रात्री तेच कोमट करून लावायचं.