थॉर परत बघितला आणि सगळा राग ओडिनवर निघाला

मार्व्हलच्या सिनेमांचं रँकिंग काढायला लोक बसले की २०११ चा पहिला थॉर (नॉर्स पुराणातल्या हातोडावाल्या देवाचा) कायम तळाला असतो. वर असतो थॉरचाच २०१७ चा पुढचा भाग रॅग्नारॉक, कारण तो रंगीत आहे, हसवतो आणि त्यात हल्क आहे. परवा रविवारी ओटीटीवर पहिला परत लावला, आमचा भाचा शेजारी लोळत मोबाईल बघत होता, त्याला हा 'स्लो' वाटतो म्हणे. असू दे. माझं मत सांगतो, शिव्या कमेंटमध्ये घाला. अख्ख्या मार्व्हलमध्ये घरातलं भांडण इतकं नीट दाखवलेला दुसरा सिनेमा नाही, आणि त्या भांडणाचा खरा गुन्हेगार थॉरचा धाकटा भाऊ लोकी नाहीये, त्यांचा बाप, देवांचा राजा ओडिन आहे.

सुरुवातच बघा ना. ओडिन दोन लहान पोरांना खजिन्याच्या तळघरात घेऊन जातो, युद्धात जिंकून आणलेल्या वस्तू दाखवतो, आणि सांगतो की सिंहासनावर तुमच्यापैकी एकच बसणार पण राजा व्हायला जन्मलात दोघंही. अरे बाबा, हे काय बोलणं झालं?? दोन भावांमध्ये जन्मभराची आग लावायची असेल तर याच्यापेक्षा सोपी युक्ती नाही. आणि हे बोलतोय कोण, तर ज्याला पक्कं माहितीये की यातलं एक पोर आपलं नाही, शत्रूच्या, म्हणजे बर्फराक्षसांच्या, घरून उचलून आणलेलं आहे.

पुढे त्याच तळघरात लोकीला आपण कोण ते कळतं. तिथली बर्फराक्षसांची निळी पेटी उचलतो, हात निळे पडत जातात, चेहरा पण, आणि मागून बापाचा आवाज येतो. पहिल्यांदा बघताना या सीनला मी फक्त लोकी झालेल्या टॉम हिडलस्टनच्या डोळ्यांकडे बघत होतो, यावेळी लोकी काय विचारतो तिकडे लक्ष गेलं. तो म्हणतो, म्हणजे मी पण इथे कुलपात ठेवलेली, वेळ आली की वापरायची एक चोरीची वस्तूच ना? ज्या खोलीत उभं राहून विचारतोय तिथे सगळ्या तशाच वस्तू आहेत. आणि त्याचं चुकत पण नाही, ओडिनचा प्लॅन तोच होता, या पोराच्या जोरावर एक दिवस दोन राज्यांत समेट घडवू. उत्तर द्यायच्या ऐवजी म्हातारा तिथेच पायऱ्यांवर कोसळतो, डायरेक्ट ओडिनस्लीप, म्हणजे त्याची ती लांबलचक गाढ झोप. कसली सोय आहे राव. घरोघरी असे बाप असतात, विषय निघाला की बीपी वाढतं.

डायरेक्टर केनेथ ब्रॅना आहे हे विसरू नका. शेक्सपिअर करत मोठा झालेला माणूस, हेन्री द फिफ्थ, हॅम्लेट पडद्यावर आणलेला. त्यामुळे सिंहासन, वारस, म्हातारा राजा असलं काही आलं की तो खुलतो. थॉरला हाकलून देतात तो सीन घ्या, ओडिन झालेला अँथनी हॉपकिन्स आणि थॉर झालेला ख्रिस हेम्सवर्थ समोरासमोर ओरडतायत, मध्ये लोकी काहीतरी बोलायला पुढे येतो आणि ओडिन त्याच्यावर नुसता गुरकावतो. शब्द पण नाही, गुरगुर! थोरल्याला निदान शिव्या तरी मिळाल्या, धाकट्याला तेवढं पण नाही. हिडलस्टनने ऑडिशन थॉरच्या रोलसाठी दिली होती, बरं झालं नाही मिळाला.

आता मूळ कथांचं. आइसलँडमध्ये तेराव्या शतकात लिहून ठेवलेल्या ज्या कविता आहेत त्यांत लोकी हा थॉरचा भाऊ नाहीच, ओडिनचा मुलगा तर नाहीच नाही. तो राक्षसकुळातला, आणि ओडिनचा रक्ताची शपथ घेतलेला भाऊबंद. एका कवितेत देवांची मेजवानी चालू असते, लोकीला बसायला कोणी जागा देत नाही, तेव्हा तो ओडिनला आठवण करून देतो की आपण एकेकाळी रक्तात रक्त मिसळलं होतं, दोघांना मिळाल्याशिवाय पिणार नाही म्हणाला होतास. ओडिनला गप जागा द्यावी लागते, मग लोकी एकेका देवाची अंडीपिल्ली बाहेर काढतो. (सिनेमात बाप दाखवलेला तो लाफे मूळ कथेत लोकीची आई आहे, हे वाचून मी खूप हसलो.) दत्तक मुलाची भानगड कॉमिकवाल्यांनी साठच्या दशकात घातली आणि माझ्या मते ती मार्व्हलची सगळ्यात भारी चोरी-कम-बदल. बरोबरीचा मित्र होता तो नावडता मुलगा झाला, त्याच्यावर पुढे अख्खी लोकी सिरीज निघाली.

आपल्याकडे लगेच कर्ण आठवतो, मला पण आठवला. पण फरक बघा, कर्णाला खरं कळल्यावर तो आहे तिथेच राहिला. लोकी उलट ज्यांच्या पोटी जन्मला त्यांनाच संपवायला निघतो, सख्ख्या बापाला स्वतः घरात घेतो आणि ओडिनच्या पलंगाशी मारतो, का तर दत्तक बापाने शाबास म्हणावं. मग बर्फराक्षसांचं अख्खं राज्य योटनहाइम उडवायला बायफ्रॉस्टचा, म्हणजे देवांच्या इंद्रधनुषी पुलाचा, झोत सोडतो. आणि शेवटी पुलाला लटकून म्हणतो तुमच्यासाठीच केलं हो बाबा, तर ओडिन म्हणतो, नाही लोकी. बस्स. एवढंच.

सगळं ग्रेट आहे असं नाही म्हणणार. थॉर आणि पृथ्वीवरच्या शास्त्रज्ञ जेनचं प्रेम दोन-तीन दिवसांत कसं काय जमतं देव जाणे, न्यू मेक्सिकोतलं ते गाव सेट आहे हे लांबून कळतं, कॅमेरा सारखा तिरका, मान दुखते. हेम्सवर्थच्या त्या पांढुरक्या भुवयांवर तर नकोच बोलायला. पण हॉटेलमध्ये कॉफी आवडली म्हणून कप जमिनीवर आपटून 'अजून एक' म्हणणारा थॉर मला एकदम अस्सल वाटतो, कारण मूळ कथेत तो हातोडा परत मिळवायला नवरीच्या वेषात राक्षसाच्या घरी जातो आणि लग्नाच्या पंगतीत एक अख्खा बैल आणि आठ सामन मासे हाणतो. नवरदेव चक्रावतो, लोकी करवली बनून सांगतो की नवरीने लग्नाच्या ओढीने आठ रात्री काही खाल्लं नव्हतं हो.

म्हणून रॅग्नारॉकच्या जोक्सवर माझा राग नाही, विनोद त्या देवांच्या रक्तातच आहे. राग हा की तिकडे कळतं ओडिनने हेला नावाची थोरली मुलगी पण अशीच लपवली होती. आधी तिच्याकडून नऊ राज्यं जिंकून घेतली, मग जड झाली तर कोंडून ठेवली, भिंतीवरची चित्रं पण बदलून घेतली. (मूळ कथेत हेल ही लोकीची मुलगी, पण ते जाऊ दे.) म्हणजे तीन पोरं आणि तिघांशी खोटं. आणि हा माणूस नॉर्वेच्या समुद्रकाठी बसून पोरांना 'माझं प्रेम आहे तुमच्यावर' म्हणतो आणि सोनेरी धूळ होऊन सुटतो. एक सॉरी नाही, काही नाही. लोकीने तरी तिथे कॉलर धरायला पाहिजे होती, पण सिनेमाला पुढच्या मारामारीची घाई.