सातवा फर्मा गेला कुठे?

छापील पुस्तक बरं की डिजिटल, असा वाद तावातावाने घालणाऱ्यांनी ई-पुस्तकं वाचायच्या सहा इंची रीडरवर मराठी पीडीएफ वाचलेलं नसावं. वाचलं असतं तर वादाला अंगात त्राण उरलं नसतं.

डेमी आकाराचं पान साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचाचं. रीडरचा पडदा उभ्यात जेमतेम पावणेपाच. त्यामुळे 13 पॉइंटचं अक्षर सव्वासातवर येतं. औषधाच्या पट्टीवरची मुदत वाचायचा सराव असेल तर खुशाल वाचा. नाहीतर पान मोठं करा. मग कर्ता डावीकडे, क्रियापद पडद्याबाहेर आणि आपलं बोट दोघांमध्ये हेलपाटे घालतंय.

ईपब या ई-पुस्तकाच्या फाइलप्रकारात ओळी पडद्याच्या मापाने आपोआप जुळतात, हे खरं सुख. पण जुन्या अक्षरजुळणीच्या फाइलींत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. वर दिसतं मराठी, आत भलतंच. एखादा परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला, की रोमन अक्षरं, कंस आणि डॉलर यांची वरात निघते. शोध तर विसराच. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःची जागा देणारी पद्धत, असली तरी ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकात खास ऱ, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र सावत्र. ‘आढळले नाही’ असं ते ठणकावून सांगतं आणि शब्द समोरच बसलेला असतो.

छापीलवाल्यांनी हसू नये. पुस्तक बनतं 16-16 पानांच्या फर्म्यांनी, म्हणजे घडी घातलेल्या जुड्यांनी. बाइंडिंगला सातवा फर्मा राहिला, की 96 नंतर थेट 113. दरम्यान नायिकेचं लग्न होऊन गेलेलं असतं, आपल्याला अक्षता टाकायलाही मिळत नाहीत. सहावा दोनदा लागला तर 81 ते 96 पुन्हा वाचायची. काही कादंबऱ्यांत हे लक्षातही येत नाही. त्यात बाइंडरचा दोष नाही. शिवण न घालता घड्या कापून नुसत्या गोंदावर चिकटवलेलं जाड पुस्तक सपाट उघडलं, की पाठ तडकते आणि पानं सुटी होऊन पंख्याखाली फिरायला निघतात.

मालकीचं म्हणाल, तर मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं, तेव्हा विकलेली पुस्तकंही वाचकांकडून गेली. पैसे मात्र परत मिळाले. छापील पुस्तक ‘दोन दिवसांत देतो’ म्हणून नेणाऱ्यांकडून एवढीही अपेक्षा ठेवू नये.

घेण्यापूर्वी छापील पुस्तकात 16-17, 32-33, 48-49 असे सांधे उलटून बघा; गफलत तिथेच सापडते. ई-पुस्तकाचा फुकट नमुना उतरवून अक्षर मोठं करा. ओळी नव्याने जुळल्या तर घ्या. नुसतं पानच फुगलं, तर ते पुस्तकाचे फोटो आहेत.