बिट इतकाच पुढच्या गणिताचाही वाटा

जुन्या सॅम्पलरवरचा (आवाजाचे तुकडे साठवून पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रांवरचा) तुमचा लेख आवडला, पण त्यांचा खरखरीतपणा 'फक्त १२ बिटमुळे' येतो, हे त्यातलं म्हणणं पटलं नाही. १९८७ चं ई-म्यू कंपनीचं एसपी-१२०० घ्या. १२ बिट म्हणजे आवाजाच्या लहरीची उंची मोजायला ४०९६ पायऱ्या. त्याने थोडी खरखर येते, मान्य. पण हे यंत्र सेकंदाला सुमारे २६,००० वेळाच आवाज मोजायचं, म्हणजे त्याच्या निम्म्या, १३ किलोहर्ट्झच्या वरचं त्यात टिकूच शकत नाही.

खरी गंमत मेमरीची आहे. सगळी मिळून जागा जेमतेम १० सेकंदांची, एका तुकड्याला अडीच! म्हणून न्यूयॉर्कचे हिप-हॉपवाले मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांच्या वेगाने लावून सॅम्पल करायचे आणि मग यंत्रात सूर खाली आणायचे. अडीच सेकंदांत जवळपास ३.४ सेकंदांचं संगीत मावायचं. पण सूर उतरवताना वरची मर्यादाही उतरते, १३ वरून साडेनऊ किलोहर्ट्झच्या आसपास. शिवाय सूर उतरवताना दोन मोजणींच्या मधल्या किमती गणिताने काढण्याऐवजी यंत्र जवळचीच किंमत पुन्हा वाजवायचं, त्यातून मुळात नसलेले धातूसारखे स्वर उमटायचे. सातव्या-आठव्या आउटपुटला तर ते गाळणारा फिल्टरही नव्हता!

तो ड्रमचा जाडसर, जवळून आलेला ठोका मला आजही फार आवडतो. नुसतं 'बिट कमी करा' बटण दाबून तो का येत नाही, हे पुढच्या लेखात जरूर घ्या.