वीस पडला म्हणजे काम झालंच, असं नाहीये

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या रोल-प्लेइंग गेमबद्दल एक गोष्ट सगळीकडे फिरतेय की स्किल चेकला (पात्राला एखादं काम जमतं का ते बघताना) वीस बाजूंच्या फाशावर 20 आला की काहीही जमतं आणि 1 आला की हमखास फेल. पाचव्या आवृत्तीत तसा नियमच नाहीये! 20 आला की आपोआप हिट, 1 आला की मिस, हे फक्त अटॅक रोलला (हल्ला लागतो का ते बघायचा फासा), आणि डेथ सेव्हचं (पात्र मरणाच्या दारात असताना टाकायचा फासा) 20 नि 1 चं गणित वेगळं आहे. स्किलचा हिशोब साधा, फासा अधिक अॅबिलिटीचा मॉडिफायर (ताकद, चपळाई अशा गुणाचा अधिक-उणे आकडा), प्रोफिशियन्सी (त्या स्किलमध्ये तयार असल्याचा बोनस) असेल तर तीही (पहिल्या लेव्हलला +2), आणि बेरीज डीसीएवढी (काम किती अवघड ते सांगणारा आकडा) किंवा जास्त हवी. आता स्ट्रेंथ 8 असलेला विझार्ड लोखंडी दार उचलायला गेला, डीसी 25, फासा 20, मॉडिफायर -1, बेरीज 19, दार हलणार नाही. उलट स्टेल्थला (लपतछपत जाण्याला) +9 असलेला रोग (rogue, म्हणजे चोरटं पात्र) 1 टाकूनही डीसी 10 पार करतो, आणि करायलाच हवा, इतकं शिकलाय तो! 2022 च्या प्लेटेस्टमध्ये (नव्या नियमांच्या चाचणीत) 20 ला आपोआप यश ठेवून बघितलं होतं पण 2024 च्या पुस्तकात ते आलं नाही. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत 20 ने निकाल एक पायरी वर सरकतो, तो गेमच वेगळा. तुमच्या टेबलवर हाउस रूल म्हणून खुशाल ठेवा, फक्त नवीन प्लेयरला तो पुस्तकातला नियम म्हणून सांगू नका प्लीज.